प्रोबची बडदास्त

मातीशिवाय झाडं वाढवायची, तर माती जे काम निमूटपणे करते ते दुसऱ्या कोणीतरी करायला हवं. माझ्याकडे ते एक डबा करतो: पाणी मोजायचं आणि लागेल तसं खत, आम्ल, अल्कली आपोआप ओतायचं. त्याला चार पंप आहेत, पाण्यात बुडून मोजमाप करणारे दोन प्रोब आहेत आणि मोबाईलवर अपरात्री तक्रार करायची खोड आहे. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक यांनी खतपाण्याच्या टाक्यांत टोमॅटो वाढवले. त्यांना एकाही टोमॅटोने रात्री दोनला मेसेज केला नसणार.

डबा मनाने वाईट नाही. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा लहान तितकं आम्ल जास्त), ५.५ ते ६.५ मध्ये ठेवणं एवढंच त्याचं व्रत. पण लेट्यूस नायट्रेट ओढून घेतं आणि पीएच वर सरकतो. मग आम्लाचा पंप गुरगुरतो. आम्ल टाकीभर मिसळायला वेळ लागतो, हे त्याला मान्य नाही. आकडा हलला नाही म्हणून तो आणखी ओततो. पीएच धाडकन खाली. लगेच अल्कलीचा पंप मदतीला धावतो, तोही त्याच उत्साहाने. रात्रभर ही भाऊबंदकी चालते. सकाळी दोन्ही बाटल्या अर्ध्या आणि पीएच होता तिथेच. डोसनंतर पंधरा मिनिटं गप्प बसायचं, असं सेटिंगमध्ये बजावल्यावर कुठे तंटा मिटला.

उरलेले दोन पंप खताचे, अ आणि ब. कॅल्शियम एकीकडे, फॉस्फेट-सल्फेट दुसरीकडे, कारण दाट द्रावणं थेट भेटली की गाळ बसतो. ऊन वाढलं की रोपं खतापेक्षा पाणी जास्त पितात, उरलेलं द्रावण दाट होतं, ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी पाण्याची विद्युतवाहकता, चढतो. यावर डब्याचा उपाय म्हणजे मला कळवणं. खत घालायला पंप, पाणी घालायला मी आणि बादली.

पण खरा मानकरी पीएचचा प्रोब. तो कोरडा पडता कामा नये. टाकीबाहेर काढला की त्याला पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणातच ठेवायचं. डिस्टिल्ड वॉटर चालत नाही. ठरावीक दिवसांनी ४ आणि ७ पीएचच्या द्रावणांत बुडवून त्याची स्मरणशक्ती तपासायची. तो चुकीचा आकडा बोलला तरी डबा त्यावर डोळे झाकून डोस देतो, म्हणून पडताळणीला मी पेनासारखा दुसरा मीटर घेतला.

सध्या डबा म्हणतो ६.०, पेन म्हणतो ६.७. पेनाचं खरं असेल तर लोह कमी पडून कोवळी पानं पिवळी पडायला हवीत. ती आहेत हिरवीगार, पण पानांना दशांश कुठे कळतात! निवाड्याला तिसरा मीटर मागवलाय. त्यालाही पोटॅशियम क्लोराईड लागतं. ते वेगळं घ्यावं लागतं.