"वेळ झाली की तो स्वतःच सांगतो" म्हणे! नाही सांगत

गिनी पिगवाला तो मेसेज मला आत्तापर्यंत तिघांनी पाठवलाय, त्यातला एक सख्खा मावसभाऊ. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गिनी पिग कितीही आजारी असो, खातोय तोवर त्याला जगायचंय, दुखलं तर तो ओरडेल, वेळ झाली की स्वतःच सांगेल, इंजेक्शन देऊन झोपवणं हे पाप, घरीच ठेवा, झोपेत शांत जातो. खाली जोडलेले हात आणि दोन हार्ट. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण आमची गिनी पिग काजू गेल्या मे महिन्यात गेली आणि याच वाक्यांना धरून बसून मी तिला निदान चार दिवस जास्तीचे काढायला लावले, त्यामुळे आता हे नुसतं डिलीट करून गप्प बसवत नाही.

"दुखलं तर ओरडेल." अहो, हा प्राणी रानात दुसऱ्याचं जेवण आहे, कळपात जो कण्हतो त्याला आधी उचलतात, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच. काजू फ्रीज उघडला किंवा कोथिंबिरीची पिशवी नुसती वाजली तरी व्हीक व्हीक करून घर डोक्यावर घ्यायची. आजारात ती ओरडली नाही, उलट ते व्हीक व्हीकच बंद झालं. कोपऱ्यात पाठ कुबडी करून, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून बसायची आणि कान जवळ नेला तर दात कराकरा घासल्याचा आवाज. आई म्हणाली, किती गुणी झालीय बघ आता. आम्ही सगळे त्याला गुणी समजत होतो.

"खातोय तोवर ठीक." हा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून जरा सविस्तर. शेजारची काकी पण हेच म्हणायची, "खाता न्हय ती? मागीर कित्याक भियेतात?" (खातेय ना ती? मग कशाला घाबरता?) आणि काजू खरंच भांड्याकडे धावत यायची, कोथिंबिरीची काडी उचलायची, दोनदा चावायची आणि टाकून द्यायची, परत दुसरी उचलायची. हनुवटीखालचे केस लाळेने ओले. गिनी पिगचे सगळे दात आयुष्यभर वाढतात, घासले गेले नाहीत तर खालच्या दाढा आत वळून जिभेवर पूल बांधल्यासारख्या येतात, मग भूक असते पण गिळता येत नाही. डॉक्टरांनी भूल देऊन दोनदा दाढा घासल्या, तिसऱ्या वेळी एक्स-रेत दिसलं की मुळं जबड्यात खोल गेलीत आणि तिथे गळू झालंय. म्हणजे खायला धावणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं, मेसेजवाल्याने दोन्ही एकच धरलंय.

पण याची उलटी बाजू पण सांगते, खाणं थांबलं म्हणजे लगेच झोपवायची वेळ आली असंही नाही! दिवसभर पोटात काही गेलं नाही तर त्यांचं आतडं थंड पडतं, यकृतावर चरबी चढते, पण लवकर नेलं तर वेदनाशामक आणि सिरिंजने भरवून कितीतरी सावरतात. नुसतं व्हिटॅमिन सी कमी पडलं तरी सांधे दुखून खाणं सुटतं, कारण आपल्यासारखंच त्यांच्या अंगात ते तयार होत नाही. म्हणून वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. (आणि कुत्र्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडात घालू नका, त्याने आतड्यातले चांगले जंतू मरून गिनी पिग दगावतो.)

"स्वतःच सांगतो." सांगतो तो स्वयंपाकघरातला वजनकाटा. चिवड्याचा रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, त्यात तिला बसवायचं, रोज सकाळी त्याच वेळी. मी आकडे कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे, दुधाच्या हिशोबाशेजारी. 940, 885, 790. आठवड्यात 50 ग्रॅम उतरले तर डोळ्यात तेल घालून बघायचं, 100 च्या आसपास गेले तर डॉक्टर. चेहऱ्याकडे बघून मला रोज वाटायचं की आज जरा बरी आहे, कारण मला तेच वाटून घ्यायचं होतं. 640 वर आली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश काजू संपलेली होती आणि मी अजून तिने "सांगायची" वाट बघत होते.

"पाप." श्रद्धेशी वाद घालत नाही, एवढंच सांगते की 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं, गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं, त्यावर केवढा गदारोळ झाला, संतापाची पत्रं आली आणि त्यांनी लिहून त्याचं उघड समर्थन केलं. अहिंसेवर आपल्या ग्रुपच्या ॲडमिनपेक्षा त्यांचा विचार थोडा जास्त झाला असावा.

"झोपेत शांत जातो." एखादा जात असेल. बाकीचे उपाशी, गार पडत, श्वासाला धडपडत जातात, बऱ्याचदा रात्री दोनला, जेव्हा डिचोलीत काय, पणजीतही डॉक्टर मिळवणं मुश्कील. उलट इंजेक्शनमध्ये आधी गुंगीचं औषध किंवा गॅस देऊन पूर्ण बेशुद्ध करतात, त्यानंतर भुलीच्या औषधाचा मोठा डोस. "आधी बेशुद्ध करणार ना?" हे तोंडाने विचारा, लाजू नका. नंतर डोळे उघडे राहतात, एखादा उसासा येतो, लघवी होते, हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही.

"घरीच ठेवा, प्रवासाचा ताण नको." मे महिन्यात तासभर गाडीत हा ताण खराच, 27-28 डिग्रीच्या वर यांना ऊन बाधतं, म्हणून आम्ही सकाळी सातला निघालो, एसी लावून, बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून. आणि या मेसेजच्या एका फॉरवर्डखाली कोणीतरी फ्रीजरचा उपाय सुचवला होता, त्या माणसाला सांगा की 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरपणे मारणं हा गुन्हा आहे.

मग ठरवायचं कधी? आम्ही उशिरा केलं ते तुम्ही आधी करा: दुखणं बरं होणारं नाही हे डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्यायचं, मग त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी कागदावर लिहायच्या. काजूच्या होत्या पिशवीच्या आवाजाला ओरडणं, पेरूची फोड आणि शेंगदाण्याला अंगावरून चाटून काढणं (शेंगदाणा म्हणजे तिची जोडीदारीण). वेदनाशामक चालू असूनही तीनपैकी दोन गेल्या की फोन करायचा. तिच्या तिन्ही गेल्या होत्या.

परत आणल्यावर शेंगदाण्याला तिच्याजवळ सोडलं, तिने हुंगलं, थोडा वेळ शेजारी बसली आणि गवत खायला गेली. खड्डा मात्र खोल लागतो, त्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि कुत्र्यामांजराने उकरून खाल्लं तर त्यांनाही विषबाधा होते. माडाखाली हातभर खणल्यावर जांभा लागला, नवऱ्याने पहार आणली, आणि पाऊस सुरू झाल्यावर माती खचली तेव्हा वरून एक चिरा आणून ठेवला.