फुटक्या काचेला भोक पाडताना

गाडीच्या समोरच्या काचेवर उडालेला मोठा टवका दुरुस्त करायचा, तर आधीच फुटलेली काच आणखी थोडी फोडावी लागते. हे मला कोणी अगोदर सांगितले असते, तर मी दुरुस्तीच्या वेळी गाडीपासून बऱ्याच अंतरावर, पाठ करून उभा राहिलो असतो. पण पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडून 'टक्' असा आवाज झाल्यापासून माझी नजर त्या टवक्यावरून हटत नव्हती, आणि त्यामुळे पुढचा सगळा प्रकार मला जवळून पाहावा लागला.

टवका उडाला की माणसाला हितचिंतक किती आहेत ते कळते. कोणी टूथपेस्ट चोपडायला सांगतो, कोणी नेलपॉलिश, तर कोणी झटपट चिकटणारा गोंद. यांपैकी गोंद सर्वांत घातक. तो जिथवर पोहोचतो तिथेच वाळून बसतो, खालची हवा तशीच राहते, आणि नंतर खरे औषध आत शिरायला वाट उरत नाही. कामाचा सल्ला एकच मिळाला, तोही सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाकडून: टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत पाणी आणि धूळ जाऊ देऊ नका, आणि उन्हात तापलेल्या काचेवर एकदम गार वारा सोडू नका. काच एका बाजूने आकसली की तडा पुढे सरकतो, आणि तो रात्रीतून वीतभर वाढू शकतो, असे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की माझी त्या रात्रीची झोपच उडाली.

ही काच दुरुस्त होते याचे कारण ती एक काच नसते. दोन काचांच्या मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाच्या प्लॅस्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा पडदा असतो, आणि खडा बहुधा बाहेरच्या काचेलाच घाव घालून थांबतो. फुटली तरी विखुरणार नाही अशी काच करण्याची कल्पना फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांना 1903 मध्ये सुचली. त्यांच्या हातून काचेचा चंबू पडला, त्याला तडे गेले, पण आतल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरामुळे तुकडे जागच्या जागी राहिले. 1909 मध्ये त्यांनी पेटंट घेतले. माझ्या हातून आजवर जे जे पडले, त्यातून शोध म्हणावा असे काही निघालेले नाही. दाराच्या काचा मात्र बहुधा वेगळ्या जातीच्या, टफन केलेल्या असतात. त्या फुटल्या की थेट दाण्यांचा ढीग होतो आणि दुरुस्तीचा विषयच संपतो.

कारागिराने भिंग लावून टवका पाहिला आणि ‘कॉम्बिनेशन’ असे निदान केले. नुसता गोल खळगा पडला तर तो ‘बुल्स आय’, नुसते पाय, म्हणजे घावातून बाहेर पसरलेले तडे, फुटले तर ‘स्टार’, आणि दोन्ही एकत्र आले तर ‘कॉम्बिनेशन’. माझ्या टवक्याने कशातच कसूर ठेवली नव्हती. टवका चालकाच्या नजरेसमोर नाही, काचेच्या कडेपर्यंत गेलेला नाही आणि आतला पडदा शाबूत आहे, एवढे पाहून झाल्यावर त्याने सुईसारख्या हत्याराने खळग्यातला काचेचा चुरा टोकरून काढला, मंद उष्णता देऊन आतली ओल घालवली, आणि ड्रिल उचलले.

“अहो, हे काय करताय?” माझ्या तोंडून निघून गेले.

“साहेब, वाट नको का करायला?”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मोठ्या टवक्यात वरचे तोंड चुऱ्याने बुजलेले असते आणि खालच्या पोकळीचा पायांशी संबंध तुटलेला असतो. म्हणून बाहेरच्या काचेत, पडद्याला न लागता, जेमतेम एक मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. एवढ्यावर तो थांबला नाही. सर्वांत लांब पायाच्या टोकाशी त्याने आणखी एक बारीक भोक पाडले आणि त्यात सुई ठेवून अलगद टिचकी मारली, तेव्हा तिथे एक चिमुकला गोल खळगा उमटला. तड्याचे टोक त्या गोलात संपले की ताण एका बिंदूवर साचत नाही आणि तडा पुढे धावत नाही. कारण पटले, पण माझ्याच गाडीच्या काचेवर, माझ्यादेखत, दुसऱ्याने मुद्दाम पाडलेला टवका पाहून पोटात गोळा यायचा तो आलाच.

मग काचेवर रबरी चोषकांनी तिकाटणे बसवले आणि त्याच्या मधोमध पिचकारीसारखे इंजेक्टर. आधी हवा ओढून घ्यायची, मग पातळ रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा पारदर्शक द्रव, दाबाने आत सोडायचे, पुन्हा ओढायचे, पुन्हा दाबायचे. लहान टवक्याचे काम यात चटकन उरकते; मोठ्याचे उरकता उरकत नाही. कारागीर मधूनच गाडीत शिरून आतून काचेला अंगठ्याने हलका रेटा देई, तसे पाय किंचित उघडत आणि रेझिन पुढे सरके. हवा भरलेला पाय काळाकुट्ट चकाकतो, कारण हवेच्या पोकळीवरून प्रकाश परततो. रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, काचेच्या जवळ, दीडच्या आसपास असल्यामुळे, ते जिथे पोहोचते तिथली चकाकी विझते. एकेक काळी रेघ टोकाकडून नव्हे, मुळाकडून पुसली जाताना पाहणे मला इतके आवडले, की मी कारागिराच्या उजेडात उभा आहे हे त्याला दोनदा सांगावे लागले. ऊन मात्र त्याने आडोसा करून अडवले होते, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन अर्ध्या वाटेतच घट्ट होते.

शेवटी खळग्यावर दाट रेझिनचा थेंब आणि त्यावर पारदर्शक फिल्मचा तुकडा. हवेतला ऑक्सिजन लागला तर वरचा थर चिकटच राहतो, म्हणून ही झाकणी. अतिनील दिवा, थोडी प्रतीक्षा, मग उभ्या धरलेल्या ब्लेडने जादा रेझिन खरवडणे आणि पॉलिश. मी वाकून पाहिले, तर एक फिकट डाग उरलाच होता.

“दिसतोय की अजून.”

“दिसणार नाही असं कुठं म्हटलं होतं साहेब? वाढणार नाही, असं म्हटलं होतं.”

यावर मला काही बोलता येईना. शिवाय काच बदलायची तर आरशामागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हेही त्याने ऐकवले. सामान आवरता आवरता त्याला दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक बारीक टवका दिसला. तो लहान आहे, त्याला ड्रिल लागायचे नाही, असे त्याने सांगितले, आणि का कोण जाणे, मला किंचित वाईट वाटले.