आदम-हव्वाची गोष्ट तिन्ही धर्मांत "सेम टू सेम"? अजिबात नाही

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं सार असं, की ज्यू, ख्रिश्चन आणि मुस्लिम या तिघांची माणसाच्या जन्माची गोष्ट एकच आहे: 6000 वर्षांपूर्वी देवाने मातीचा आदम केला, त्याची बरगडी काढून हव्वा केली (म्हणून पुरुषाला आजही एक बरगडी कमी असते म्हणे), सापाच्या रूपातल्या सैतानाने हव्वाला सफरचंद खायला लावलं, तिने नवऱ्याच्या गळ्यात मारलं, आणि तेव्हापासून प्रत्येक मूल पापी जन्माला येतं असं तिघंही मानतात. शेवटी ठसक्यात एक वाक्य, की ही गोष्ट रूपक आहे वगैरे जे कोणी बोलतात ती डार्विनला घाबरून काढलेली पळवाट आहे. गंमत म्हणजे मेसेज धर्माच्या बाजूचा आहे की विरोधातला तेच कळत नाही, श्रद्धाळू आणि नास्तिक दोघंही तो तितक्याच खुशीत पुढे ढकलतायत.

बरगडीचं आधी उरकून टाकू. बाई असो की पुरुष, बरगड्यांच्या 12 जोड्या, म्हणजे 24. अॅन्ड्रिअस वेसालियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1543 मध्येच हे छापून टाकलंय. आणि आदमची मुलंही एक बरगडी कमी घेऊन जन्मली असं बायबल तरी कुठे म्हणतं? बापाचं बोट तुटलं म्हणून पोराला चार बोटं येत नाहीत.

आता "गोष्ट एकच" हा दावा. अहो, तिघांचं सोडा, एकट्या बायबलमध्येच ती दोनदा येते. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग मासे-पक्षी, मग जनावरं आणि सहाव्या दिवशी शेवटी माणूस, तोही नर आणि नारी असा एकदमच, देवाच्या प्रतिरूपात. तिथे माती नाही, बरगडी नाही, मनाई केलेलं झाड नाही. दुसऱ्या अध्यायात सगळा क्रम उलटा: आधी मातीचा माणूस, नाकपुडीत फुंकलेला श्वास, मग बाग, मग त्याला सोबत म्हणून प्राणी, आणि त्यातलं एकही जोडीदार म्हणून जमेना तेव्हा गाढ झोप, बरगडी आणि बाई. बायबलच्या अभ्यासकांपैकी बहुतेक जण आज या दोन वेगळ्या परंपरा मानतात, पुढे एकत्र शिवलेल्या. श्रद्धेने वाचणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं असं समजू नका, त्यांना हजारो वर्षांपूर्वीच दिसलं होतं आणि त्यांनी त्यावर डोकंही भरपूर लावलं.

पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो म्हणाला, हे दोन वेगळे माणूस आहेत, एक स्वर्गीय आणि एक मातीचा. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, वेगळाच तोडगा काढला. यिर्मया बेन एलाझार या रब्बींच्या नावावर तालमुदात (रब्बींच्या चर्चांचा जुना ग्रंथ) असं मत आहे की पहिला माणूस दोन तोंडांचा होता, आणि याच धाटणीच्या दुसऱ्या एका अर्थानुसार देवाने त्याला मधून कापून दोन पाठी केल्या, एक पुरुषाची आणि एक बाईची. म्हणजे या वाचनात बाई उरलेल्या तुकड्यातून घडवलेली नाहीच, दोघंही एकाच मूळ माणसाचे अर्धे भाग. (लिलिथचं नाव ऐकलं असेल, आदमची पहिली बायको, जी मी पण मातीचीच आहे, तुझ्या खाली का राहू म्हणत निघून गेली, ती कथा मध्ययुगातल्या एका बऱ्याच चावट ज्यू पुस्तकातली आहे, बायबलमधली नाही.)

आणि कुराण उघडलंत तर बरगडी सापडणारच नाही. चौथ्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, पहिल्याच आयतीत एका जिवापासून तुम्हाला घडवलं आणि त्यातूनच त्याचा जोडीदार केला इतकंच आहे, हव्वा हे नावसुद्धा कुराणात कुठे येत नाही. बरगडी येते हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आणि तिथे मुद्दा बायकांशी नीट वागा हा आहे: बरगडी वाकडी असते, सरळ करायला गेलात तर मोडेल. आता हे शरीराच्या उत्पत्तीबद्दल आहे की स्वभावाबद्दलची उपमा, यावर मुस्लिम विद्वानांचं आपसातच एकमत नाही. उलट कुराणातल्या आदमच्या गोष्टीचा मोठा भाग बायबलच्या उत्पत्तीत मुळी नाहीच. देव फरिश्त्यांना सांगतो मी पृथ्वीवर खलिफा, म्हणजे प्रतिनिधी, नेमतोय, ते विचारतात तिथे रक्त सांडणारा कशाला नेमतोस, मग आदमला सगळ्या वस्तूंची नावं शिकवली जातात, फरिश्ते त्याच्यापुढे झुकतात, आणि इब्लिस, म्हणजे सैतान, अडून बसतो, मी आगीचा, हा मातीचा.

सफरचंद कुठून आलं देव जाणे. बायबल म्हणतं "फळ", बस. तालमुदात यावर मस्त वाद आहे: रब्बी मेईर म्हणतात द्राक्ष, कारण माणसाला दारूइतकं रडवणारं दुसरं काही नाही, रब्बी नेहेम्या म्हणतात अंजीर, कारण चूक लपवायला त्यांनी पानं अंजिराचीच घेतली, जिथे बिघडलं तिथेच सावरलं, आणि रब्बी यहुदा म्हणतात गहू, कारण धान्य चाखल्याशिवाय मूल आई-बाबा म्हणायला शिकत नाही. सफरचंदाला यात एकही मत नाही!

साप म्हणजे सैतान हेही उत्पत्तीत लिहिलेलं नाही. तिथे तो फक्त सगळ्यात धूर्त प्राणी आहे, सैतानाशी त्याची गाठ नंतरच्या लिखाणात बांधली गेली, ख्रिस्ती बायबलच्या शेवटच्या पुस्तकात ती अगदी उघड दिसते. कुराणात साप नाहीच, थेट सैतान कुजबुजतो. नंतरच्या मुस्लिम भाष्यकारांनी मात्र साप परत आणला, त्यांच्यातल्या तबरीने दिलेल्या एका कथेत इब्लिस सापाच्या तोंडात बसून जन्नतीत घुसतो. आणि 1945 मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या जुन्या, चर्चने न स्वीकारलेल्या ग्रंथांपैकी काहींमध्ये तर साप चक्क शिक्षक आहे, माणसाला जागं करणारा, आणि हे जग बनवणारा देव अज्ञानी.

मग दोष कोणाचा? मेसेज म्हणतो बाईचा. कुराणात सैतान दोघांनाही भुलवतो आणि एके ठिकाणी तर फक्त आदमच्याच कानाला लागतो, दोघं चाखतात, दोघं माफी मागतात. बायबलमध्ये पहिला घास हव्वाचा हे खरं, पण तिने आपल्याबरोबर असलेल्या नवऱ्यालाही दिलं असं तिथे आहे, म्हणजे साहेब शेजारीच उभे होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. ख्रिस्ती परंपरेत बाईला दोषी धरणारी वाक्यं भरपूर आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही, बायबलमधल्या तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आदम फसला नाही, बाई फसली असं सरळ म्हटलंय. पण रोमकरांस पत्र उघडा, तिथे प्रेषित पॉल सगळा भार एका माणसावर टाकतो आणि तो माणूस आदम, हव्वाचं नावही घेत नाही.

आता मेसेजमधली सगळ्यात मोठी थाप, प्रत्येक मूल पापी जन्मतं असं तिन्ही धर्म मानतात. ज्यू माणूस रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतो, देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे. रोज! त्यांच्याकडे माणसात चांगली आणि वाईट अशा दोन ओढी असतात, झगडा रोजचा असतो, पण आदमची थकबाकी नातवाच्या नावावर चढत नाही. मुस्लिमांकडे प्रसिद्ध हदीस आहे की प्रत्येक मूल फित्रतीवर, म्हणजे निर्मळ मूळ स्वभावावर जन्मतं. आदमने माफी मागितली, देवाने दिली, विषय संपला, आणि कोणीही दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही हे कुराण पुन्हा पुन्हा सांगतं.

राहिले ख्रिश्चन, पण तेही एकसुरी नाहीत. मूळ पापाच्या, म्हणजे आदमचं पाप सगळ्यांना जन्मतःच लागतं या, सिद्धांताला ठाशीव रूप दिलं ते बिशप ऑगस्टिनने (354 ते 430), पेलॅजियस नावाच्या साधकाशी वाद घालता घालता, आणि 418 च्या कार्थेजच्या धर्मसभेने पेलॅजियसवाद्यांचं म्हणणं फेटाळलं. कॅथलिकांनी 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत तो सिद्धांत पुन्हा पक्का केला, प्रोटेस्टंट सुधारकांनी तर आणखी कडक केला. पण पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स चर्चला विचारा, ते सांगतात आदमकडून आपल्याला मृत्यू आणि दुबळेपणा मिळाला, त्याचा गुन्हा नाही. ऑगस्टिनच्या आधी दोनशे वर्षं इरेनेयस हा बिशप तर आदम-हव्वाला लहान मुलांसारखे मानतो, अजून वाढायचे होते, घाई केली. आणि मॉर्मन या पंथाचे लोक त्याच्याही पुढे, त्यांच्या मते आदमचं पतन झालं म्हणून तर माणसं जन्माला आली, बरंच झालं, शिक्षा ज्याला त्याला आपल्याच पापाची.

6000 वर्षं? तो आकडा कुराणात नाही. बायबलमध्येही सरळ लिहिलेला नाही, वंशावळीतली वयं बेरीज करून काढलेला आहे, आणि बेरीजही जुळत नाही. ज्यू पंचांग सुरुवात धरतं इ.स.पू. 3761 ला, आर्चबिशप अशर यांनी काढलं 4004, बायझंटाईन ख्रिश्चनांनी 5509. कारण साधं आहे, हिब्रू प्रतीत आदमचा मुलगा शेथ जन्मला तेव्हा आदम 130 वर्षांचा, जुन्या ग्रीक प्रतीत 230 चा, असं पिढ्यानपिढ्या शंभर-शंभर वाढत जातं.

आणि ती "पळवाट". शब्दशः वाचणारे पूर्वीही होते, प्रोटेस्टंट सुधारक लूथर सहा दिवस म्हणजे सहा दिवसच मानायचा, आजही कोट्यवधी लोक मानतात. ऑगस्टिनसुद्धा आदम खरा माणूस होता आणि जग काही हजार वर्षांचंच आहे असं धरून चालायचा, पण देवाने सगळं एकदमच घडवलं आणि ते सहा दिवस आपल्यासारखे सूर्याचे दिवस नव्हेत असं त्यानेच लिहिलंय. 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी शरीराच्या उत्क्रांतीवर चर्चेला मुभा दिली, 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही, पण पायस यांचा आग्रह होता की आदम एक खराखुरा माणूसच, म्हणजे कॅथलिकांकडेही सगळंच रूपक झालेलं नाही. मुस्लिम विद्वानांत आदमपुरता अपवाद करून बाकी उत्क्रांती मानणारे आहेत आणि सगळीच नाकारणारेही आहेत. बाराव्या शतकात मैमोनिडिस या ज्यू पंडिताने उत्पत्तीची कथा सगळी शब्दशः घेऊ नका असं स्पष्ट लिहिलं. आणि ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या ख्रिश्चन विचारवंताने विचारलं होतं की देवाने शेतकऱ्यासारखी एदेनात झाडं लावली यावर कोण शहाणा विश्वास ठेवेल. डार्विनचं पुस्तक आलं 1859 ला, तेव्हा ओरिजेनला जाऊन साधारण 1600 वर्षं झाली होती.