सह्याद्रीचा कातळ आणि अणुकचरा: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अणुकचऱ्याला जागा मिळत नाही ही निव्वळ ओरड आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा टणक दगड जगात नाही, राधानगरी-शाहूवाडीत बॉक्साइटच्या संपलेल्या खाणी आयत्या पडून आहेत, परदेशात जुन्या खाणीच वापरतात, तारापूरला याच कातळावर कचरा ठेवलाय, दक्खनचं पठार हलत नाही. मग अडलंय कुठे? राजकारणात.

आपल्या दगडाचा अभिमान समजू शकतो, पण मेसेजमध्ये पाण्याबद्दल एक ओळ नाही. जागा ठरते ती पाण्यावर.

“काळा कातळ टणक, म्हणून सुरक्षित”

टणकपणा खडीला आणि पुलाच्या पायाला लागतो. पुरलेला कचरा वर यायची मुख्य वाट म्हणजे पाणी. डबा गंजतो, कचरा ज्यात ओतून घट्ट केलेला असतो ती आतली काच हळूहळू विरघळते आणि किरणोत्सारी मूलद्रव्यं भेगांतून वाहत्या पाण्याबरोबर निघतात. सिझियम-137 चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 30 वर्षांचं, शिवाय वाटेतली चिकणमाती त्याला धरून ठेवते. डोकेदुखी आहे ती टेक्नेशियम-99 (सुमारे 2 लाख 10 हजार वर्षं) आणि आयोडीन-129 (दीड कोटी वर्षांहून जास्त) यांची. ती खडकाला जवळजवळ चिकटतच नाहीत; पाणी जाईल तिथे जातात.

आता आपला कातळ बघा. तो एकसंध ठोकळा नाही, लाव्ह्याचे थरावर थर आहेत. टोपकडच्या दगडखाणीत किंवा पन्हाळ्याच्या घाटात कापलेल्या भिंतीसमोर उभं राहिलं की दिसतं: थराचा मधला भाग घट्ट, पण थंड होताना पडलेल्या उभ्या भेगांचा; माथा बुडबुड्यांच्या भोकांचा, मांजऱ्या; त्यावर कुठे लाल मातीचा पट्टा, आणि मग पुढचा थर. पाणी या माथ्यांतून आडवं पळतं आणि भेगांतून खाली उतरतं. बोअर मारणाऱ्यांना हे पाठ असतं. एका बांधावर दोन इंची पाणी लागतं आणि तीस फुटांवरचा दुसरा बोअर कोरडा जातो. शेतकऱ्याला तो नशिबाचा भाग वाटतो. कचरा खोल पुरायच्या भांडाराच्या दृष्टीने मात्र हाच सगळ्यात मोठा दोष, कारण तिथे पुढच्या लाख वर्षांचा पाण्याचा रस्ता आज मांडून दाखवावा लागतो.

हे मोजायची पद्धत धरणवाल्यांना माहीत आहे. बोअरचा एक तुकडा वर-खाली पॅकर (फुगणारे रबरी बूच) फुगवून बंद करायचा, 10 बार दाबाने पाणी सोडायचं आणि किती शिरतं ते बघायचं. दर मीटरला मिनिटाला 1 लिटर शिरलं तर 1 ल्युजॉन. धरणाच्या पायाला साधारण 3 ते 5 ल्युजॉनपर्यंत ग्राउटिंग (भेगांत सिमेंटचा रबडा भरणं) झालं की समाधान मानतात. पण 1 ल्युजॉन म्हणजे पाण्याच्या पातळीत मीटरला मीटर उतार धरला तर वर्षाकाठी सुमारे 4 मीटरचा हिशेबी प्रवाह. खोल भांडाराच्या खडकात तो मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे हजारो पटींनी कमी. धरणाला पास झालेला दगड इथे सपशेल नापास होऊ शकतो.

बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या कातळाचा, विचार कुणी केलाच नाही असंही नाही. अमेरिकेने वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या बेसॉल्टवर अनेक वर्षं काम केलं. 1986 मध्ये ती जागा शेवटच्या तिनांत होती. 1987 च्या कायद्याने ती आणि टेक्सासमधली मिठाची जागा बाद झाली, नेव्हाडातला युक्का माउंटन उरला. कायद्यामागे राजकारण होतंच, पण हॅनफर्डच्या तांत्रिक अडचणीही खऱ्या होत्या: थरांच्या माथ्यांतलं भूजल आणि खडकातला आडवा ताण. हा ताण इतका होता, की बोअरमधून काढलेला कोअर (दगडाचा दंडगोल) चकत्या होऊन तुटायचा. अशा खडकात बोगदा खोदला तर भिंतीचे कपचे उडतात आणि बोगद्याभोवती नव्या भेगा पडतात.

शिवाय उष्णता. बेसॉल्ट उष्णता ग्रॅनाइटपेक्षा कमी वाहून नेतो, आणि मीठ त्या दोघांच्याही पुढे. डब्याभोवती भरलेली बेंटोनाइट माती साधारण 100 अंशांच्या आत ठेवायची तर बेसॉल्टमध्ये डबे लांब लांब ठेवावे लागतात. बोगदे वाढले, की भेगा गाठायची शक्यताही वाढली.

“बॉक्साइटच्या खाणी तयारच आहेत”

हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात कच्चा. बॉक्साइट तयार होतो तोच मुळात खडकातून लाखो वर्षं पावसाचं पाणी झिरपून, सिलिका धुऊन गेल्यामुळे. म्हणजे पाणी सर्वांत जास्त मुरतं तिथेच ही खाण असते. खाण उघडी, काही मीटर खोल, डोंगराच्या सड्यावर, म्हणजे सपाट माथ्यावर. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाला 5 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभा तो पितो आणि खालच्या चिकणमातीवर आला की सड्याच्या कडेला झरे फुटतात. त्याच पाण्याच्या पुढे भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी होतात, आणि त्या मिळून पंचगंगा. गळका माठ आधी डोक्यावर ठेवायचा आणि मग त्यात विष ओतायचं, असला हा प्रकार.

“परदेशात जुन्या खाणीच वापरतात” हेही अर्धवट आहे. जर्मनीत आसे नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत 1967 ते 1978 दरम्यान सुमारे 1 लाख 26 हजार पिंपं ठेवली. मीठ काढणाऱ्यांनी कडेच्या खडकापर्यंत कोठ्या कोरल्या होत्या. काही ठिकाणी मिठाची भिंत जेमतेम काही मीटर उरली. छत आणि खांब दबले, आणि 1988 पासून खारं पाणी आत येऊ लागलं, रोज सुमारे 12 हजार लिटर. अखेर 2013 मध्ये पिंपं बाहेर काढायचा कायदा करावा लागला. खाण माल काढण्यासाठी खोदतात, खडक राखण्यासाठी नाही. म्हणून फिनलंडने ओल्किलुओटोला 430 मीटरच्या आसपास नवेच बोगदे खोदले. वापरलेलं इंधन 5 सेंटिमीटर जाड तांब्याच्या डब्यात, डबा सुमारे 8 मीटर खोल उभ्या खड्ड्यात, भोवती बेंटोनाइट. ते पाणी लागलं की फुगून फटी बुजवतं.

जागा चांगली मिळाली तरी हलगर्जीपणा नडतोच. न्यू मेक्सिकोतलं, 655 मीटर खोल मिठात मुद्दाम खोदलेलं भांडार 2014 मध्ये जवळपास तीन वर्षं बंद पडलं. एका पिंपात नायट्रेट क्षारांबरोबर खनिज शोषकाऐवजी मांजराच्या शौचासाठी मिळणारं सेंद्रिय लिटर भरलं होतं. ते तापलं आणि पिंप फुटलं.

“तारापूरला ठेवलाच आहे की”

ठेवलाय, पण कोणता? हातमोजे, गाळण्या, सिमेंटमध्ये घट्ट केलेला गाळ असा कमी-मध्यम तीव्रतेचा कचरा जमिनीलगतच्या काँक्रीटच्या चरांत आणि टाइल होल म्हणतात त्या उभ्या नळ्यांत जातो. तिथे हिशेब साधारण 300 वर्षांच्या देखरेखीचा. म्हणजे सिझियमची दहा अर्धायुष्यं, हजारावा हिस्सा शिल्लक. इंधनावर पुनर्प्रक्रिया करून उरलेला अतितीव्र कचरा बोरोसिलिकेट काचेत ओततात आणि ते डबे हवेने थंड होणाऱ्या इमारतीत देखरेखीखाली ठेवतात. ती साठवण आहे, विल्हेवाट नाही. कातळ तिथे इमारत पेलतोय, कचरा कोंडायचं काम त्याच्यावर टाकलेलंच नाही.

“दक्खन हलत नाही”

11 डिसेंबर 1967 विसरलो वाटतं. कोयनेचा 6.3 चा भूकंप आणि नंतर वारणेच्या बाजूला सरकलेले धक्के, दोन्ही जलाशयाशी जोडलेले. हादऱ्याने भांडार कोसळेल अशी मात्र भीती नको. खोलीवर हादरा जमिनीपेक्षा सौम्य असतो. धोका आहे भेग सरकण्याचा. स्वीडनच्या आराखड्यात भेग 5 सेंटिमीटर सरकली तरी डबा टिकेल असं धरलंय. शिवाय जलाशयातल्या पाण्याचा दाब काही किलोमीटर खाली पोचतो, म्हणजे भेगा तिथवर जोडलेल्या आहेत. कोयना परिसरातल्या खोल बोअरमध्ये कातळ रासाटीला सुमारे 930 मीटरवर, गोठण्याला सुमारे 1250 मीटरवर संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस (त्याहून जुना, वेगळा खडक) लागला. म्हणजे कातळाखाली गेलात तरी या भेगांपासून सुटका नाही.

“अडलंय ते राजकारणात”

काही ठिकाणी खरं आहे. पण लोकांची संमती हा जागेच्या निवडीतला भागच आहे, अडथळा नव्हे. स्वीडनमध्ये नगरपालिकेला नकाराधिकार आहे. 1995 मध्ये स्टोरुमनच्या लोकांनी मतदान करून नकार दिला आणि तिथला शोध थांबला. फॉर्समार्कला होकार होता, 2022 मध्ये सरकारची मंजुरी मिळाली. फिनलंडने 1983 मध्ये वेळापत्रक ठरवलं, जागा 2000 मध्ये ठरली.

आपल्याकडे 2012 मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या खटल्यात कचऱ्याची जागा म्हणून कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीचं नाव निघालं, तिथे लोक रस्त्यावर आले आणि तसा बेत नसल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. त्या खाणीत पूर्वी झालेलं काम म्हणजे सुमारे 1000 मीटर खोलीवर हीटर लावून खडक तापल्यावर कसा वागतो याचं मोजमाप. एवढं एक पान कानडीत छापून गावात आधी वाटलं असतं, तर निम्मा गोंधळ टळला असता.