मुळाचे नाव, फुलाची बदनामी: ऑर्किड आणि कामुकतेविषयीचा एक लोकप्रिय दावा

ऑर्किडचे फूल स्त्रीच्या गुप्तांगासारखे दिसते, म्हणून प्राचीन ग्रीसपासून चीनपर्यंत सर्व संस्कृतींनी त्याला कामवासनेचे प्रतीक मानले, ग्रीकांनी त्याचे नावही त्यावरूनच ठेवले आणि त्याच्या कंदाचा कामोत्तेजक गुण तर सर्वांनाच ठाऊक होता, अशा आशयाचा मजकूर सुंदर छायाचित्रांसह वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातील प्रत्येक विधानात सत्याचा एखादा कण असल्यामुळे तो सरसकट खोटा म्हणून बाजूला सारता येत नाही. तरीही मुळाविषयीच्या समजुती फुलाला चिकटवून आणि दोन-अडीच हजार वर्षे एका वाक्यात कोंबून त्यातून जो निष्कर्ष काढला आहे, तो टिकणारा नाही.

नावापासून सुरुवात करू. ग्रीक भाषेतील ‘ऑर्किस’ या शब्दाचा अर्थ अंडकोष असा आहे. त्याचा संबंध फुलाशी नाही आणि स्त्रीदेहाशी तर मुळीच नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात जमिनीत वाढणाऱ्या अनेक ऑर्किडांना शेजारी शेजारी दोन कंद असतात. त्यांपैकी जुना यंदाच्या दांड्याला आणि फुलांना पोसता पोसता सुरकुतत जातो, तर नवा पुढच्या वर्षासाठी अन्न साठवून टणक होतो. या जोडीवरून ते नाव पडले. इ. स. पू. 300 च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतीअभ्यासकाने अशी समजूत नोंदवली की मोठा कंद शेळीच्या दुधातून दिल्यास संभोगशक्ती वाढते आणि लहान कंदाने ती खुंटते, तर इ. स. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने मोठ्या कंदाने मुलगे व लहान कंदाने मुली होतात, हा लोकसमजही लिहून ठेवला. एकाच झाडाचा एक कंद वासना चेतवणारा आणि दुसरा ती शमवणारा मानला जात होता, पण फिरणाऱ्या मजकुरातून यातील दुसरा भाग न चुकता गळलेला असतो. शिवाय आज कुंड्यांतून दिसणाऱ्या, एरवी रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या उष्ण कटिबंधातील ऑर्किडांना असे जोडकंद नसतातच. 1845 मध्ये जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने ‘ऑर्किड’ हा शब्द रूढ केला, तेव्हा एका मुळाचे नाव अशा हजारो जातींच्या वाट्याला आले ज्यांना ते मूळच नव्हते.

ऑर्किस नावाच्या उच्छृंखल तरुणाचा वध होऊन त्याचे फूल झाले, ही याच संदर्भात सांगितली जाणारी ‘प्राचीन ग्रीक कथा’ तर कोणत्याही प्राचीन ग्रीक ग्रंथात सापडत नाही. ती अठराव्या शतकातील फ्रेंच उद्यानविषयक लेखनातून पसरली.

फुलाचा आकार ‘पाहताच कळतो’ हा पुढचा मुद्दा. कोणाला काय कळते, ते पाहावे. ग्वाटेमालाच्या राष्ट्रीय फुलाला तेथील लोक ‘पांढरी जोगीण’ म्हणतात, कारण त्यांना त्यात मठवासी ख्रिस्ती स्त्री दिसते. पनामाच्या राष्ट्रीय फुलात कबुतर दिसते आणि म्हणून त्याचे नाव पवित्र आत्म्यावरून पडले. युरोपातील एका ऑर्किडाच्या चपलेसारख्या पाकळीला जुन्या वनस्पतीग्रंथांत मेरीमातेची चप्पल म्हटले आहे, आणि त्याच फुलाच्या प्रजातीला वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये जे नाव दिले, त्यात प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी आहे. फूल तेच, कुमारीमाता आणि प्रेमदेवता या दोघींनाही त्याच चपलेत पाय घालावा लागला. लैंगिक साम्य खरोखर कोठे असेल तर ते ओफ्रिस या ऑर्किडांच्या प्रजातीत आहे. तिची फुले मादी मधमाशीचा गंध आणि रूप धारण करतात, नर त्यांच्याशी समागमाचा प्रयत्न करतो आणि परागकण घेऊन जातो. हा संकेत मधमाशीसाठी आहे. माणसाचा त्यात काही वाटा नाही.

चीनविषयीचे विधान अधिक तपशिलात पाहायला हवे, कारण सर्वांत मोठी गफलत तेथे आहे. चिनी परंपरेत ‘लान’, म्हणजे ऑर्किड, हे सज्जनाचे फूल आहे: कोणी हुंगायला असो वा नसो, निर्जन अरण्यातही ते सुगंध देत राहते, असे वचन कन्फ्यूशियसच्या नावे सांगितले जाते. आलुबुखाराच्या जातीचा बहर, बांबू आणि शेवंती यांच्यासह चित्रकलेतील ‘चार सज्जनां’त त्याची गणना होते. 1279 मध्ये सुंग राजवट संपली, तेव्हा तिच्याशी एकनिष्ठ राहिलेल्या जंग सस्याव या चित्रकाराने मातीविना ऑर्किड रंगवले. पायाखालची जमीन परक्यांनी नेली, हा त्याचा अर्थ. अपत्यप्राप्तीचा संबंध मात्र अगदीच निराधार नाही. प्राचीन चीनमधील जंग राज्याच्या वन नावाच्या अधिपतीच्या उपपत्नीला स्वप्नात दिव्य दूताने लान दिले आणि तिला झालेल्या मुलाचे नावही लानच ठेवले गेले, अशी कथा प्राचीन इतिहासग्रंथात आहे. त्या कथेत कौतुक सुगंधाचे आहे, आकाराचे नाही. त्यातही अतिप्राचीन ग्रंथांतील ‘लान’ ही बहुधा दुसऱ्याच कुळातील सुगंधी वनस्पती होती आणि ऑर्किडाला ते नाव पुढे मिळाले, असे अनेक अभ्यासक मानतात.

या दाव्याच्या पुष्टीसाठी व्हॅनिलाकडेही बोट दाखवले जाते. व्हॅनिला हेही ऑर्किडच, आणि त्याचे नाव लॅटिन ‘व्हजायना’पर्यंत मागे जाते, हे बरोबर आहे. परंतु लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ म्यान असा होता. स्पॅनिशमध्ये त्याची ‘शेंग’ झाली आणि व्हॅनिला म्हणजे छोटी शेंग.

फुलाला कामुक अर्थ खरोखर चिकटला, तो प्रामुख्याने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील युरोपात. दूरदेशांहून आणलेली, काचघरात जोपासलेली महागडी फुले श्रीमंत स्त्रियांच्या पोशाखावर विराजमान झाली, आणि 1913 मध्ये फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीत तर ‘कॅटलेया करणे’ (कॅटलेया हे एक ऑर्किड) हा प्रेमिकांचा प्रणयासाठीचा सांकेतिक शब्द झाला. हा अर्थ नाकारण्याचे कारण नाही. तो सार्वकालिक नाही, एवढेच.

राहिला कंद. सालममिश्री म्हणून ओळखला जाणारा हा वाळवलेला कंद मुख्यतः ग्लुकोमॅनन या पिष्टसदृश पदार्थाने भरलेला असतो. त्याने दूध दाट होते आणि पोट भरते. त्यात कामोत्तेजक द्रव्य असल्याचे सिद्ध झालेले नाही. एक किलो भुकटीसाठी मात्र 1,000 ते 4,000 कंद लागतात. ते बहुतेक रानातून खणले जातात, आणि खणला जातो तो टणक कंद, म्हणजे त्या झाडाचे पुढचे वर्ष.