अडीच हजारांचा बफर आणि ‘शोरूमची चमक’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर एक संदेश आणि त्याला जोडलेली चित्रफीत फिरते आहे. त्यातला दावा थोडक्यात असा: गाडीला शोरूमची चमक आणण्यासाठी डिटेलिंगवाल्याला दहा-पंधरा हजार मोजणे हा मूर्खपणा आहे. अडीच हजारांचा रोटरी बफर (पॅड एकाच अक्षाभोवती गोल फिरवणारे पॉलिशचे मशीन) घ्या, तोही नको असेल तर घरातल्या अँगल ग्राइंडरला वेल्क्रोचा पॅड लावा. फेरे जितके जास्त तितकी चमक जास्त, म्हणून पत्रा हाताला चांगला गरम लागेपर्यंत मशीन फिरवत राहा. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जाड असतो, त्याला काही होत नाही. महागड्या मशीनमध्ये फक्त नावाचे पैसे असतात, आणि पहिल्याच गाडीत सगळा खर्च वसूल होतो.

एरवी मी याकडे दुर्लक्ष केले असते. पण माझ्या भाच्याने तो संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, “मामा, ग्राइंडर घरी आहेच, पॅड मागवून टाकू का?” चाकणमधली कंत्राटी नोकरी सुटल्यानंतर लोकांच्या घरी जाऊन गाड्या पॉलिश करण्याचे काम तो सुरू करतो आहे, म्हणजे त्याचा पहिला प्रयोग दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर, कदाचित अजून हप्ते चालू असलेल्या गाडीवर होणार आहे. गाड्यांच्या रंगकामातच माझी उमर गेली असल्यामुळे हा दावा उत्तर न देता सोडणे मला शक्य नाही.

सर्वांत घातक मुद्दा ग्राइंडरचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. आपल्याकडे घरोघरी किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात जो चार इंची ग्राइंडर असतो, त्याच्या पाटीवर मिनिटाला ११,००० किंवा १२,००० फेरे असा आकडा छापलेला असतो. बहुतेक ग्राइंडरना वेग कमी करण्याची सोयच नसते. खटका दाबला की ते थेट पूर्ण वेगाने सुटतात, कारण ते लोखंड कापण्यासाठी आणि वेल्डिंगचा सांधा घासण्यासाठी बनवलेले आहेत. १०० मिलिमीटर व्यासाचा पॅड ११,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याची कड ताशी सुमारे २०७ किलोमीटर वेगाने रंगावरून जाते. याउलट जाणता कारागीर १५० मिलिमीटरचा पॅड १,२०० फेऱ्यांवर चालवतो, तेव्हा हाच वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असतो. सहापट फरक आहे, आणि तो सगळा घर्षणात, म्हणजे उष्णतेत जातो. कंपाउंड, म्हणजे रंग घासायची बारीक कणांची लेई, पसरण्याआधीच सुकते, त्याची भुकटी होते आणि ती कोरडी भुकटी रंगावर घासली जाते. या वेगाला चमक म्हणणे म्हणजे अज्ञान दुसऱ्याच्या माथी मारणे आहे.

शिवाय चार इंची ग्राइंडरच्या स्पिंडलचे, म्हणजे फिरत्या दांड्याचे, आटे साधारणपणे एम-१० (१० मिलिमीटरचे) असतात आणि पॉलिशरच्या बॅकिंग प्लेटचे, म्हणजे पॅड जिच्यावर बसतो त्या तबकडीचे, एम-१४, म्हणून संदेशात ‘बाजारात मिळणारा जोड’ लावायला सांगितले आहे. त्या जोडामुळे पॅड स्पिंडलपासून आणखी लांब जातो आणि थोडा जरी तिरका बसला तरी थरथरू लागतो. पॅड बसावा म्हणून ग्राइंडरचे संरक्षक कवचही काढून टाकायला सांगितले आहे. हे वाचून मला खरोखर राग आला, कारण इथे नुकसान फक्त गाडीचे होणार नाही.

आता ‘क्लिअर कोट जाड असतो’ या वाक्याकडे वळतो. कारखान्यातून निघालेल्या आजच्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. त्यात क्लिअर कोटचा वाटा ढोबळमानाने ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका बारीक केसाइतका. लोकरीच्या पॅडने जाड कंपाउंडचा एक हात नीट दिला तरी त्यातले तीन ते पाच मायक्रॉन सहज जातात. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारे घटक याच थरात असतात, त्यामुळे तो पूर्ण संपेपर्यंत थांबायचे नसते. बराच पातळ झाला तरी पुढच्या काही उन्हाळ्यांत छत आणि बॉनेट पांढुरके पडून पापुद्रे सुटू लागतात. बॉनेटची कड, दरवाजावरून जाणारी उठावाची रेघ, डिकीचा कोपरा या ठिकाणी तर थर मुळातच पातळ बसलेला असतो आणि फिरत्या पॅडचा सगळा दाब तिथेच एका रेघेवर येतो.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते सांगतो. मागे आमच्याकडे एक काळी सेडान आली होती, घरपोच पॉलिश करणाऱ्या एकाने हात लावलेली. सावलीत ती उत्तम दिसत होती. उन्हात काढल्यावर बॉनेटभर पॅडच्या वाटेचे अर्धवर्तुळाकार पट्टे उमटले, आणि आपण बाजूने चालत गेलो की ते पट्टेही आपल्याबरोबर सरकत होते. या पट्ट्यांना होलोग्राम म्हणतात, आणि ते दुरुस्त करता येतात. पण बॉनेटच्या डाव्या बाजूच्या उठावाच्या रेघेवर वीतभर लांबीचा एक मळकट, निस्तेज डाग होता, त्याच्या कडा धुरकट होत्या आणि मधोमध राखाडी प्रायमर डोकावत होता. मालकाने सोबत आणलेल्या मोबाइलमधल्या फोटोत त्या कारागिराचा पॅडही दिसत होता: मूळचा पांढरा पॅड काळा झालेला. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर काम करताना पॅडवर फक्त पांढरट गाळ यायला हवा. गाडीचा रंग पॅडवर येऊ लागला की क्लिअर कोट संपलेला असतो. तिथेच हात थांबायला हवा होता. त्या डागावर कोणतेही पॉलिश चालले नसते, बॉनेट पूर्ण रंगवावे लागले.

इथे संदेशातली एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागेल. ‘जुने मिस्त्री साध्या मशीनवरच गाड्या चमकवत’, हे खरे आहे. पण ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळातल्या रंगावर क्लिअर कोट नव्हता; रंगच जाड असे, तो घासून वरचा मेलेला थर काढायचा आणि खालचा ताजा रंग उघडा करायचा, हीच रबिंग-पॉलिशची रीत होती आणि पॅडला रंग लागणे ही काम होत असल्याची खूण होती. ती खूण आजच्या गाडीवर नेमकी उलटी ठरते. त्या मिस्त्रींचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला होता, हे संदेश सांगत नाही.

‘सगळी मशीन आतून सारखीच’ हा मुद्दा अनेकांना पटतो, म्हणून तोही नीट पाहू. माकिता कंपनीच्या ९२३७सीबी या पॉलिशरच्या माहितीपत्रकात वेग ६०० ते ३,२०० फेरे असा दिला आहे आणि त्यासोबत दोन गोष्टी नमूद केल्या आहेत: सावकाश सुरुवात, आणि भार आला तरी वेग कायम राखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. किमतीतला बराचसा फरक या तीन ओळींत आहे. अगदी स्वस्त बफरमध्ये डायल असते, पण ती फक्त मोटरला मिळणारी वीज कमी करते. पॅड पत्र्यावर टेकवून थोडा दाब दिला की फेरे मरतात, म्हणून माणूस डायल वाढवतो. मग बॉनेटच्या मध्यावरून कडेकडे जाताना पॅडचा अर्धा भाग हवेत जातो, भार अचानक कमी होतो आणि मशीन उसळी मारून एकदम वेग घेते. ही उसळी नेमकी कडेवर येते, जिथे रंग सर्वांत पातळ असतो. नवशिक्यांच्या हातून कडा जळतात त्या बव्हंशी अशाच, आणि त्यात दोष एकट्या हाताचा नसतो.

मशीन ६०० फेऱ्यांवर सुरू होऊन पॅड टेकवल्यावरही ६०० च्या आसपासच राहत असेल, स्पिंडल डगमगत नसेल, तर त्यावर नाव कोणाचे आहे याची मला पर्वा नाही. अशी तुलनेने स्वस्त मशीनही मिळतात आणि चांगला फोम पॅड व योग्य कंपाउंड लावून त्यांवर सुरेख काम करणारे लोक मी पाहिले आहेत. पॅड आणि कंपाउंडवर मात्र काटकसर करू नये. मशीनपेक्षा त्यांचा परिणाम अधिक दिसतो.

पत्रा गरम होण्याबद्दल थोडक्यात सांगतो. कट लागतो, म्हणजे रंग घासला जातो, तो कंपाउंडमधल्या बारीक कणांमुळे, उष्णतेमुळे नव्हे. पत्रा कोमट होणे ठीक आहे. बोट टेकवून धरता येत नसेल तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. बंपर तर प्लॅस्टिकचा असतो, तो उष्णता पसरवत नाही, ती जागच्या जागी साठते. शिवाय पत्र्यावरच्या रंगाची जाडी मोजणारे नेहमीचे गेज प्लॅस्टिकवर चालत नाही, त्यामुळे किती थर उरला आहे हे कळतही नाही.

‘ड्युअल ॲक्शन नवशिक्यांसाठी, खरे कारागीर रोटरीच वापरतात’ हेही चूक आहे. (ड्युअल ॲक्शन म्हणजे पॅड फिरवता फिरवता थरथरवणारेही मशीन.) चांगल्या कामाच्या ठिकाणी दोन्ही असतात: खोल ओरखड्यांसाठी रोटरी, शेवटच्या हातासाठी ड्युअल ॲक्शन. साध्या ड्युअल ॲक्शनचा पॅड जास्त दाब पडला की फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरतो. वेळ जास्त लागतो, पण रंग वाचतो.

चित्रफितीतली चमक खरी असेलही, पण ती पुसल्यापुसल्या आणि सावलीत दाखवली आहे. बऱ्याच कंपाउंडमधली तेले बारीक चरे भरून टाकतात आणि ते दोन-चार धुण्यांनंतर पुन्हा वर येतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून गाडी उन्हात उभी केली असती, तर काय ते दिसले असते.

पहिल्याच गाडीत खर्च वसूल होण्याचे म्हणाल, तर एक कड जळली की बॉनेट रंगवण्याचा खर्च त्या कामाच्या मजुरीच्या वर जातो, आणि पुढे गाडी विकताना घेणारा गेज लावतो तेव्हा पुन्हा रंगवलेला पत्रा लगेच ओळखू येतो.

भाच्याला मी सांगितले आहे की भंगारातून एक काळे बॉनेट आण, त्यावर उठावाची रेघ असेल असे बघ, रेघांवर मास्किंग टेप लाव आणि आधी साध्या ड्युअल ॲक्शनने सुरुवात कर. रोटरी त्यानंतर, तीही सर्वांत खालच्या वेगावर. ज्यांनी हा संदेश वाचून ग्राइंडरला पॅड आधीच लावला आहे, त्यांनी मशीनचा प्लग काढून बॅकिंग प्लेट उलटी करून पाहावी. चांगल्या प्लेटच्या मागे कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो ग्राइंडरच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल, किंवा प्लेटवर आकडाच नसेल, तर ती जोडणी आजच काढून टाकावी.