काकूनं घर फोडलं नव्हतं

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. भावकीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, सोसायटीच्या आणि भिशीच्या. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी घरोघरी एकत्र कुटुंब होतं, एका छपराखाली वीस-वीस माणसं सुखानं नांदायची. मोठ्यांचा शब्द शेवटचा असायचा म्हणून भांडणं नव्हती. मग शिकलेल्या सुना आल्या, त्यांना वेगळं राहायचं होतं, आणि घरं फुटली. आज मुलं पुण्याला आणि आईबाप गावात एकटे. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

हा मेसेज माझ्या काकूच्या फोनवरही गेला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. परवा तिच्याकडे गेले तर तिनं फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, “हे माझ्याबद्दल लिहिलंय का गं?”

म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांनी मेसेज पाठवला ती माझीच माणसं आहेत आणि त्यांच्या मनातली खंत खरी आहे. पण त्यात सांगितलेलं कारण खरं नाही, आणि त्या कारणापायी एका बाईनं तीस वर्षं मान खाली घातली आहे.

‘पूर्वी घरोघरी एकत्र कुटुंब होतं’

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. लहान मुलं फार दगावायची म्हणून आकडा इतका खाली दिसतो हे मान्य. पण मोठी माणसंही क्षयानं, पटकीनं जायची, बाया बाळंतपणात जायच्या. नातवाच्या लग्नात आजी-आजोबा दोघंही मांडवात बसलेत, असं भाग्य थोड्यांचंच. १९५१ च्या जनगणनेत घरामागे सरासरी माणसं होती पाचच्या आसपास. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी गुजरातमधल्या एका गावाची १८२५ सालची घरनोंद तपासली, तेव्हा तिथंही लहान घरंच जास्त निघाली. वीस माणसांचे वाडे होते, नाही कोण म्हणतं? पण ते जमीनजुमला असलेल्यांचे. त्यांचे फोटो राहिले, म्हणून सगळे तसेच राहत होते असं आपल्याला वाटतं.

आणि हे सोलापूर आहे. ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, तेव्हापासून या गावातलं कामगाराचं घर दोन ठिकाणी विभागलेलंच होतं. माझे आजोबा मंगळवेढा तालुक्यातून गिरणीत आले ते एकटे. चाळीतल्या एका खोलीत आठ गडी राहायचे. भोंगा झाला की एक पाळीवर जायचा आणि पाळीवरून आलेला त्याच्याच अंथरुणावर पडायचा. आजी आणि मुलं गावाकडे. इकडून मनिऑर्डर जायची, तिकडून ज्वारीचं पोतं यायचं. नऊ वर्षं असं चाललं. आमच्या भावकीत ज्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गातात, त्याची सुरुवात नवरा-बायको पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब राहून झाली आहे. शहराच्या पूर्व भागात माग चालवायला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचंही तेच: थोडे इथे, थोडे तिकडे.

‘मुलगा पुण्याला गेला म्हणजे घर तुटलं’

आजोबा सोलापूरला गेले तेव्हा कुणी घर तुटलं म्हणालं नाही. मग नातू हिंजवडीला गेला की कसं तुटतं?

आय. पी. देसाई नावाच्या अभ्यासकानं १९५० च्या दशकात गुजरातमधल्या महुवा गावात घरोघर चौकशी केली. एका चुलीवर कोण जेवतं एवढ्यावर ते थांबले नाहीत. पैसा, मालमत्ता, लग्नकार्य, आजारपण यांत कोण कुणाला बांधलेलं आहे, हेही त्यांनी पाहिलं. वेगळ्या घरात राहणारी कितीतरी माणसं या धाग्यांनी एकच कुटुंब होती. आमच्या शेजारच्या काकांची साखर वाढली की रिपोर्ट पहिल्यांदा पुण्यातल्या सुनेच्या फोनवर जातो. डॉक्टरांशी बोलणं, औषध बदललं का विचारणं ती करते. शुक्रवारी रात्री पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं उतरणारी निम्मी गर्दी अशाच घरांची आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तर कोण कुठे राहतं हे ओळखूही येत नाही.

सोलापूरजवळच्या कुंभारीचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. २००६ साली तिथे विडी कामगार बायांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली. पूर्व भागातल्या दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दोन जावा, त्यांची मुलं असं सगळं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, त्याच जागेत जेवायचं, त्याच जागेत निजायचं. त्यातली एखादी जाऊ कुंभारीला गेली तर ती कशापासून तुटली? तंबाखूच्या वासात झोपणाऱ्या लेकराला तिनं निराळी खोली दिली, एवढंच. सणाला सगळ्या परत एकत्र येतात, आणि मोकळ्या मनानं येतात.

‘घर फोडते ती सून’

इथे मला थांबावं लागेल, कारण सगळ्या मेसेजचा काटा इथंच आहे.

आमचं घर फुटलं ते १९९० च्या दशकात, गिरण्या बंद पडत होत्या तेव्हा. तीन खोल्या, अकरा माणसं. बाबा गिरणीत, काका यंत्रमागाच्या शेडमध्ये. बाबांचा पगार थांबला आणि सगळा खर्च काकांवर आला. तिजोरीची किल्ली आजीकडे. काका आजीसमोर कधी बोलले नाहीत. ते रात्री काकूशी बोलायचे. बाबांना भावाच्या जिवावर जेवायची लाज वाटायची, म्हणून ते पंगतीला बसेनासे झाले आणि आईवर चिडायला लागले. आईनं शिवणकाम धरलं, ते बाबांना खपलं नाही. तो राग आई भांड्यांवर काढायची. आजीला बाबांची कीव यायची, म्हणून ती माझ्या भावाला वाटीभर दूध जास्त द्यायची. काकूची लेक ते रोज बघायची.

असं दीड वर्ष चाललं. मग श्रावणातल्या एका सोमवारी काकू म्हणाली, “आम्ही चूल वेगळी मांडतो.”

सगळ्यांना ते एकच वाक्य ऐकू गेलं. आधीच्या दीड वर्षात कोण कुणाशी काय बोललं नाही, ते कुणाच्या हिशेबात आलं नाही. काकांनी भावाला विचारलं नाही, बाबांनी आईला सांगितलं नाही, आजीनं किल्ली सैल केली नाही. ज्यानं त्यानं आपला ताण शेजारच्याकडे सरकवला आणि तो सरकत सरकत जिथं पोचला, तिथलं माणूस बोललं. मागावर काम केलेल्यांना हे सांगायला नको. बीमचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाचा, ताण चुकला की सगळ्यात कच्चा धागा तुटतो. धागा तुटला म्हणून आपण जॉबरला, माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलावून बीम बघायला सांगतो, धाग्याला शिव्या देत नाही.

अमेरिकेत मरे बोवेन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्या काळी तिथे स्किझोफ्रेनियाचं खापर सरळ रुग्णाच्या आईवर फोडायची पद्धत होती. ते पुढे साफ चुकीचं ठरलं, पण तोवर कितीतरी आयांनी ते ओझं वाहिलं. बोवेन यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर अख्खी कुटुंबं रुग्णालयात राहायला आणली आणि ती महिनोन्महिने एकमेकांशी कशी वागतात ते पाहिलं. त्यांनी मांडलेली एक गोष्ट मला आमच्या घरात जशीच्या तशी दिसते. दोन माणसांतला ताण सहन होईना की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. तिसरं माणूस आलं की दोघांना हलकं वाटतं आणि मूळ गोष्ट तशीच राहते. आजी आणि काका यांच्यातलं बोलणं झालं असतं तर काकूला मध्ये यावंच लागलं नसतं. आपल्याकडे तिसरी जागा बहुतेक वेळा सुनेची असते, कारण ती सगळ्यात शेवटी आलेली आणि तिच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. घर सगळ्यांचं मिळून चालतं, म्हणून मारहाणीचीही जबाबदारी सगळ्यांची, असं कुणी म्हणू नये. हात उगारणाऱ्याची जबाबदारी त्याची एकट्याची. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे आणि तो वापरण्यात घर मोडल्याचा दोष नाही.

मेसेजमध्ये सुनेला ‘परक्या घरची’ म्हटलंय. आपल्या भागात हे शब्दशःही खरं नाही. मामाच्या मुलीशी लग्न इथे पिढ्यान्‌पिढ्या होतं. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांत तर आणखीच. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यांची मांडणी केली, तेव्हा महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून दाखवलं ते याचसाठी. आपली भाषाच साक्ष देते: सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्याला मामंजी. माझी काकू आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी होती. लहानपणी आजीच्याच कडेवर वाढलेली.

चूल वेगळी झाली आणि दोन महिन्यांत बाबा आणि काका पुन्हा ओट्यावर एकत्र चहा प्यायला लागले. बाबांनी एका गोदामात रखवालदारी धरली. आजी पुढे अंथरुणाला खिळली, तेव्हा चार महिने तिला उठवणं, पुसणं, भरवणं काकूनं केलं. ती राहायची दोन गल्ल्या पलीकडे आणि पहाटे पाचला यायची. तरी आजीच्या तेराव्याला कुणीतरी बोललंच, “हिनं घर फोडलं नसतं तर म्हातारी आणखी जगली असती.”

‘मोठ्यांचा शब्द शेवटचा, म्हणून भांडण नव्हतं’

भांडण ऐकू येत नव्हतं. विडी वळून घराचा बाजार आणणाऱ्या बाईला त्या पैशातून लेकीच्या वह्या घ्यायच्या का, हे विचारावं लागायचं. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली की त्याला समजूतदारपणा म्हणायचे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. त्यानंतर बहिणी बोलायला लागल्या आणि लोक म्हणाले, भांडणं वाढली.

साल्व्हादोर मिनुचिन हे कुटुंबांवर काम करणारे दुसरे मोठे डॉक्टर. घरात कुणाची हद्द कुठपर्यंत, हे त्यांच्या कामाचं मर्म. हद्दच नसेल तर एकाचं दुखणं सगळं घर व्यापतं. फार कडक असेल तर शेजारच्या खोलीतलं दुखणंही कळत नाही. माझ्या आत्याच्या सासरी मोठ्यांचाच शब्द चालायचा. तिथं धाकट्या दिराला दोन वर्षं दारूचं व्यसन होतं आणि सासऱ्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. मोठ्यांचा सल्ला मला हवा असतो, रोज हवा असतो. पण त्यांच्यापर्यंत वाईट बातमी पोचू शकली पाहिजे.

‘आईबाप एकटे पडले’

हे खरं आहे. इथं मी मेसेज पाठवणाऱ्यांच्या बाजूनं आहे. आमच्या गल्लीत संध्याकाळी दार उघडं ठेवून बसलेली चार म्हातारी माणसं मला रोज दिसतात आणि पोटात तुटतं.

पण कारण सुनेत शोधू नका. माणसं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जगतात, ही आनंदाची गोष्ट. मुलं कमी झाली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं मुलांचं प्रमाण बाईमागे १.७ आलं. आजीचं करायला पाच मुलं आणि त्यांच्या पाच बायका होत्या, तरी शेवटी केलं एकटीनं. आता दोनच मुलं आहेत आणि आजारपण पंधरा-पंधरा वर्षांचं. त्यात गिरण्या गेल्यावर शिकलेल्या पोरांना पोटासाठी पुण्याला जावं लागलं. एका घरात कोंबल्यानं हे सुटत नाही. सून नोकरी सोडून घरी बसली, तर औषधाचे पैसे कुठून येणार? आणि भरल्या घरातही म्हातारं माणूस एकटं असतं. मी आजीला तिच्या खोलीत अकरा माणसांच्या आवाजात भिंतीकडे तोंड करून पडलेलं पाहिलंय.

भावकीच्या ग्रुपवर मी यातलं बरंचसं आधीच लिहिलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग पुण्याच्या चुलतभावाचा फोन आला. काकूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आम्ही पाच भावंडांनी बसून ठरवलं: पैसे तो आणि माझा भाऊ देणार, पहिले चार दिवस काकूची लेक येऊन राहणार, डोळ्यात वेळेवर थेंब घालायचं काम माझं, तपासणीला नेण्याचं धाकट्याचं. रात्रीच्या सोबतीचं अजून ठरलेलं नाही. काकू म्हणते तिला कुणाची गरज नाही. तिला आधी विचारायचं का थेट जाऊन राहायचं, यावर आमचं अजून चाललंय.